उपचार संपले, तरी शुश्रूषा संपत नाही

हुपरी - "आता घरी घेऊन जा," असे मोठ्या रुग्णालयातील डॉक्टरांनी सांगितले, की रुग्णाचे नातेवाईक खचून जातात. पुढे करण्यासारखे काहीच उरले नाही, असा त्याचा अर्थ घेतला जातो. प्रत्यक्षात परिचारिकेचे काम येथूनच सुरू होते. आजार बरा होणार नसला, तरी वेदना, धाप, मळमळ आणि भीती कमी करता येते. या शुश्रूषेला उपशामक सेवा अर्थात पॅलिएटिव्ह केअर म्हणतात.

या विचाराचा पाया एका परिचारिकेनेच घातला. ब्रिटनमधील सिसिली सॉन्डर्स यांनी आधी परिचर्या आणि समाजसेवेचे काम केले, नंतर त्या डॉक्टर झाल्या. १९६७ मध्ये त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. मरणासन्न माणसाची वेदना शारीरिक असतेच. पण मुलांची काळजी, पैशाची विवंचना आणि मनातील अपराधी भावनाही त्याला छळत असतात, अशी त्यांची मांडणी होती. भारतातील पहिले हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे सुरू झाले. पुण्यात वारजे येथील सिप्ला केंद्र १९९७ पासून कर्करुग्णांना विनामूल्य सेवा देत असून, तेथे घरच्यांनाही शुश्रूषेचे धडे दिले जातात.

परिचारिका नेमके काय करते?

रुग्णाला "दुखते का?" एवढेच विचारून ती थांबत नाही. शून्य ते दहा या मोजपट्टीवर वेदना किती, ती कधी वाढते, झोप लागते का, याची ती नोंद ठेवते. तीव्र वेदनेसाठी डॉक्टरांनी तोंडावाटे मॉर्फिन दिले असेल, तर ते साधारणपणे दर चार तासांनी, वेळच्या वेळी घ्यावे लागते. दुखू लागण्याची वाट पाहायची नसते. मॉर्फिनमुळे बद्धकोष्ठता होते, म्हणून सोबत रेचकही लागते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली योग्य मात्रेत घेतल्यास व्यसन जडण्याची भीती अनाठायी असते, हे ती घरच्यांना समजावते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलणे, कोरडे पडलेले तोंड ओल्या कापसाने पुसणे, जखमेची दुर्गंधी कमी करणे, ही कामे वरकरणी किरकोळ वाटतात. रुग्णाची प्रतिष्ठा मात्र त्यांवरच टिकून असते.

घरच्यांचाही आधार

चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या हुपरीत अनेक घरांतच कारागिरी चालते. घरातील एक माणूस उशाशी बसला, की त्याचे काम थांबते आणि कमाईही. अशा घरात परिचारिकेची एक भेट मोलाची ठरते. "त्यांना आजाराचे नाव सांगू नका," असा आग्रह बहुतेक घरांत होतो. ती वाद घालत नाही. रुग्णाला किती जाणून घ्यायचे आहे, हे आधी त्यालाच बोलू देते. अखेरच्या दिवसांत भूक मंदावते. तेव्हा बळजबरीने भरविल्यास घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. हातपाय गार पडणे, श्वास मध्येच थांबणे, घशात घरघर होणे, ही लक्षणे आधीच सांगितलेली असली, तर ऐनवेळी धावाधाव होत नाही. आपण काही कमी तर केले नाही ना, ही रुखरुखही पुढे कुटुंबाला कमी जाचते.

सेवा अजून अपुरी

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, जगात या सेवेची गरज असलेल्यांपैकी केवळ १४ टक्के लोकांना ती मिळते. भारतात २०१२ मध्ये यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आखण्यात आला. २०१४ मध्ये अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्ती होऊन वैद्यकीय वापरासाठीच्या मॉर्फिनचे नियम सुटसुटीत झाले. आयुष्मान आरोग्य मंदिरांतून द्यावयाच्या १२ सेवांत वृद्धांची शुश्रूषा आणि उपशामक सेवेचाही समावेश आहे. कागदावरील ही तरतूद रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचण्यासाठी प्रशिक्षित परिचारिका आणि औषधाचा नियमित पुरवठा, दोन्ही हवेत. नातेवाइकांनीही रुग्णालयातून घरी परततानाच वेदनाशामक औषधे कोठे मिळतील आणि रात्री-अपरात्री कोणाला विचारायचे, हे लिहून घेतले पाहिजे. पुढचे कठीण दिवस त्यामुळे थोडे सुसह्य होतात.