अडॅप्टर गरम का होतो?

लॅपटॉपच्या वायरवर मध्येच एक काळी, बंद डबी असते. तिला अडॅप्टर म्हणतात. लॅपटॉप तासभर चालला की ही डबी हाताला चांगलीच गरम लागते. तिच्यात शेगडीसारखी तापणारी तार नाही, की दिवा नाही. मग ही उष्णता येते कोठून?

आधी अडॅप्टरचे काम पाहू. आपल्या घरातील वीज २३० व्होल्टची आणि प्रत्यावर्ती, म्हणजे सेकंदाला १०० वेळा दिशा बदलणारी असते. लॅपटॉपला मात्र एकाच दिशेने वाहणारा, सुमारे २० व्होल्टचा दिष्ट प्रवाह लागतो. म्हणून अडॅप्टरमधील डायोड प्रथम प्रवाह एकाच दिशेने वळवतात. मग ट्रान्झिस्टर तो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. इतक्या जलद बदलणाऱ्या प्रवाहाचा दाब उतरवायला चिमुकले रोहित्र पुरते. शेवटी प्रवाह पुन्हा दिष्ट होऊन लॅपटॉपकडे जातो.

या प्रत्येक पायरीवर थोडी ऊर्जा वाटेत खर्च होते. डायोड आपला वाटा घेतात. रोहित्रातील तांब्याची तार प्रवाहाला रोध करते, तर त्याच्या गाभ्याचे चुंबकत्व सारखे बदलत राहते. ट्रान्झिस्टर चालूचा बंद होताना क्षणभर त्याच्यावर दाबही असतो आणि त्यातून प्रवाहही वाहतो. ऊर्जा नाहीशी होत नाही. या साऱ्या खर्चाची उष्णता होते.

ती किती? समजा, अडॅप्टर लॅपटॉपला ६५ वॅट देतो आणि त्याची कार्यक्षमता ९० टक्के आहे. मग त्याला घरातील विजेकडून ६५ ÷ ०.९, म्हणजे सुमारे ७२ वॅट घ्यावे लागतात. उरलेले ७ वॅट डबीतच उष्णतेच्या रूपाने राहतात.

७ वॅट म्हणजे फार नव्हे. पण डबी लहान, बंद आणि प्लॅस्टिकची; प्लॅस्टिक तर उष्णतेचे मंदवाहक! त्यामुळे आत निर्माण होणारी उष्णता त्याच वेगाने बाहेर पडू लागेपर्यंत डबीचे तापमान वाढत जाते. मोकळ्या हवेत हा समतोल लवकर साधतो. तीच डबी गादीवर किंवा पांघरुणाखाली ठेवली, तर तो बऱ्याच वरच्या तापमानाला साधतो. आतील काही धारित्रांत द्रव असतो. तो उष्णतेने हळूहळू उडून जातो. अशा धारित्राचे तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले, की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते.

म्हणून अडॅप्टर नेहमी टेबलावर किंवा फरशीवर मोकळा ठेवावा. तो कोमट किंवा गरम लागणे स्वाभाविकच आहे. मात्र हात ठेवता येऊ नये इतका तापला, जळका वास आला किंवा डबी फुगली, तर बटण बंद करून प्लग काढावा आणि मोठ्यांना सांगावे. डबी स्वतः उघडू नये.

करून पाहा : अडॅप्टरवरील छापील मजकुरात ‘आउटपुट’पुढील व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार करा, म्हणजे तो जास्तीत जास्त किती वॅट देऊ शकतो ते कळेल. मग लॅपटॉपची बॅटरी भरत असताना आणि ती पूर्ण भरून लॅपटॉप बंद केल्यावर अर्ध्या तासाने डबीला हात लावून पाहा. फरक का पडला, ते आता तुम्हालाच सांगता येईल.