शाईचा हप्ता

बँकेत असताना कर्ज मागायला येणाऱ्याला मी हमखास विचारायचो, "यंत्र घ्याल हो, पण ते चालवायला महिन्याकाठी किती लागेल?" निवृत्तीनंतर अमरावतीच्या घरी फोटो छापायचा प्रिंटर आणला, तेव्हा हा प्रश्न स्वतःला विचारायचा राहून गेला.

यंत्र स्वस्त, शाई महाग! रंगीत डबीत निळा, किरमिजी, पिवळा असे तीन कप्पे. एक आटला की उरलेल्या दोहोंसकट डबी फेकायची. महिनोन्‌महिने वापरलं नाही तर छिद्रांत शाई वाळते; ती साफ करायलाही शाईच खर्ची पडते.

दिवाळीत अकोल्याहून लेक आली. "बाबा, आईचा तो फोटो छापून द्या ना." नेमका किरमिजी संपलेला. फोटोत कुंकवाच्या जागी हळद उमटली! लेक काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मी स्टुडिओची पायरी चढलो.

२०१० साली एप्सनने इंडोनेशियात आणलेले टाकीचे प्रिंटर आता आपल्याकडेही मिळतात. यंत्र महाग, पण बाटलीतली शाई स्वस्त. रोज छापणाऱ्याने ते जरूर घ्यावेत. वर्षाला चार फोटो लागणाऱ्याला मात्र स्टुडिओच बरा.

कुंकवाचा फोटो लेकीने अकोल्याला नेला. हळदीचा माझ्या टेबलावर आहे.