श्रीमंतांचे मॉडिफिकेशन आणि गरिबांचा जुगाड

आमच्या जालन्यात मस्तगड नावाचा भाग आहे. 1725 साली निजामाच्या अमलात बांधलेल्या गढीवरून ते नाव आले. पुढे त्या गढीत नगरपालिकेची कचेरी बसली. म्हणजे आधी सत्ता तटबंदीतून चालायची, नंतर ती शिक्क्यातून चालू लागली. अर्जावर शिक्का नसेल तर माणूस आल्या वाटेने परत जातो, हे मस्तगडच्या माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही.

याच भागात मी वकिलीसाठी बसतो. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी वेल्डिंगचे दुकान चालविणारा एक तरुण आला. 'जयभीम वकीलसाहेब' म्हणाला, खुर्ची ओढली आणि मोबाईलमधला फोटो माझ्यापुढे धरला. फोटोत एक छोटी उघडी जीप होती. चौकोनी पाईपची चासी, भंगारातल्या मालरिक्षाचे इंजिन आणि गिअरबॉक्स, मारुती व्हॅनची चाके, पत्र्याचे बोनेट. त्याचे शेत गावापासून आत आहे. आमच्या काळ्या रानात पाऊस पडला की मोटारसायकल रुतते, बैलगाडी आता घरोघरी राहिली नाही आणि ट्रॅक्टर भाड्याने आणायला पैसा लागतो. म्हणून चिखलातून जाणारी गाडी त्याने स्वतःच बनविली. चार महिने लागले. आता त्याला ती जीप घेऊन जालन्याच्या बाजारात यायचे होते.

"साहेब, हिचं पासिंग करून द्या. काय लागतील ते सांगा."

"अरे बाबा, होत नाही."

"पैसे देऊन?"

"पैसे देऊनही होत नाही."

मग त्याने दुसरा फोटो काढला. कुठल्याशा ढाब्यासमोर उभी असलेली नवीकोरी महागडी गाडी. टायर बॉडीच्या बाहेर आलेले, पुढे लोखंडी गार्ड, टपावर दिव्यांची रांग. "मग हिचं कसं झालं?"

वाचकहो, हा लेख त्या प्रश्नापायी लिहितो आहे.

पहिली गोष्ट ही की त्या दुसऱ्या गाडीचेही 'झालेले' नाही. कंपनीच्या मापात असताना तिची नोंदणी झाली आणि नंतरचे सगळे बदल कायद्याला विचारून केलेले नाहीत. मोटार वाहन कायदा 1988 चे कलम 52 सांगते की नोंदणीच्या दाखल्यातला तपशील कंपनीने ठरविलेल्या मूळ मापापेक्षा वेगळा पडेल असा बदल मालकाने करू नये. 9 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या के. जयचंद्र यांच्या प्रकरणात हेच स्पष्ट केले. रंग बदला, किरकोळ साहित्य लावा किंवा काढा, पण गाडीच्या मूळ बांधणीला हात लावू नका. त्याच वर्षी कलम 182अ नव्या रूपात आले. त्यानुसार असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. पुढच्या लोखंडी गार्डबद्दल तर केंद्र सरकारने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कळविले होते की ते बेकायदा आहे, कारवाई करा. जाता जाता हेही सांगतो, की हौसेने लष्करी हिरवा रंग मारलेल्या जीपा दिसतात, तोही रंग संरक्षण खात्याच्या वाहनांशिवाय कुणालाही मारता येत नाही. केंद्रीय नियमावलीतला नियम 121 काढून पाहा.

मग फरक कुठे पडतो? त्या गाडीला नंबर आहे, विमा आहे, कंपनीचे नाव आहे. नाक्यावर तिला अडविणारा हात जरा विचार करून वर होतो. माझ्या तरुणाच्या जीपकडे पाहून तो विचार करीत नाही. एकाच्या बदलाला मॉडिफिकेशन म्हणतात, दुसऱ्याच्या निर्मितीला जुगाड म्हणतात. पहिल्या शब्दात शौक आहे आणि दुसऱ्यात हेटाळणी. बदल करणारा आणि निर्माण करणारा यांत खरे तर कसब दुसऱ्याकडे जास्त आहे.

सांगली जिल्ह्यातले देवराष्ट्रे गाव यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव म्हणून महाराष्ट्राला ठाऊक होते. डिसेंबर 2021 मध्ये ते दत्तात्रय लोहार यांच्यामुळे देशाला ठाऊक झाले. लोहार हे आडनावच धंद्याचे आहे. या माणसाने भंगारातून, सुमारे 60,000 रुपये खर्चून, किक मारून सुरू होणारी लहानशी जीप बनविली. तिची चित्रफीत उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी पाहिली. ही गाडी कुठल्याच नियमात बसत नाही हे त्यांनी जाहीरपणे सांगितले, पण कसबाचे कौतुक केले आणि जीपच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी 2022 मध्ये लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली आणि ती जीप कंपनीकडे गेली.

यात महिंद्रांना दोष देण्यासारखे काही नाही, उलट त्यांनी दखल तरी घेतली. पण कायद्याचा माणूस म्हणून मला या अदलाबदलीत एक वेगळीच गोष्ट दिसते. नंबरप्लेट लागू शकत नाही अशी गाडी देऊन नंबरप्लेट असलेली गाडी मिळाली. कलाकाराला मान मिळाला, त्याच्या गाडीला मात्र रस्ता मिळाला नाही. आणि दर गावातल्या मिस्त्रीची चित्रफीत कुणी उद्योगपती पाहणार नसतो.

मग रस्ता का मिळत नाही? कारण आपल्याकडे नोंदणीची सुरुवात कारखान्यापासून होते. गाडी बनविणाऱ्याने आधी नमुना तयार करायचा, तो पुण्याची एआरएआय, नगरजवळची लष्करी वाहनांची संस्था अशा ठरलेल्या संस्थांकडे द्यायचा. तिथे ब्रेक, सुकाणू, दिवे, धूर, आवाज सगळे तपासले जाते. 1 एप्रिल 2020 पासून तर नव्या गाडीच्या धुराला भारत स्टेज सहाचे माप आहे. भंगारातले जुने इंजिन त्या मापात कसे बसणार? हजारो गाड्या विकणारी कंपनी एका नमुन्याचा खर्च त्या हजारोंवर वाटून टाकते. एकच गाडी बनविणाऱ्याने तो कशावर वाटायचा? नियम कागदावर सर्वांना सारखा आहे. समान नियम असमान माणसांना लावला की काय होते, यावर चळवळीच्या वाचकाला मी व्याख्यान देणार नाही.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग वकीलसाहेब, हा कायदाच मोडा. नाही. इथे माझे माझ्याच लोकांशी भांडण आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक दावा होता. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया एका घरी बनविलेल्या तीनचाकी गाड्यात बसून निघाल्या होत्या. उतारावर ब्रेक लागला नाही, गाडा उलटला आणि एक बाई गेली. गाड्याला नोंदणी नव्हती, त्यामुळे विमा नव्हता. न्यायाधिकरणाने नुकसानभरपाईचा हुकूम दिला आणि तो सर्वस्वी मालकावर आला, कारण दुसरे कुणी नव्हतेच. कलम 174 खाली रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करायचा दाखला निघाला. वसूल कशातून करणार? गाडा बनविणारा, चालविणारा आणि मालक एकच, आणि त्याच्या घरात जप्त करण्याजोगे एक वेल्डिंग मशीन होते. मेलेली बाई आणि गाडेवाला एकाच वस्तीतले. ते मशीन उचलले असते तर दुसरेही घर बसले असते. बाईच्या मुलाने माझ्यासमोर हुकूमाची नक्कल घडी घालून खिशात ठेवली. ती अजून त्याच्याकडेच असेल.

म्हणून मी जुगाडाचे कौतुक करणाऱ्या लेखांना टाळ्या देत नाही. पासिंगचा कागद गाडीच्या सन्मानासाठी नसतो. तो गाडीखाली येणाऱ्यासाठी असतो. आणि गाडीखाली बहुतेक वेळा पायी चालणारा, सायकलवाला, मजूर येतो, म्हणजे आपलाच माणूस. मे 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानच्या एका प्रकरणात ठरविले की 'जुगाड' हेही मोटार वाहनच आहे, नोंदणी आणि विम्याशिवाय ते रस्त्यावर येऊ शकत नाही. त्या निकालाने अनेकांच्या पोटावर पाय आला हे खरे. पण तो निकाल चूक होता असे मी म्हणणार नाही.

कसब तपासायला जागा नसली की काय होते ते यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीने पाहिले. शेख इस्माईल नावाचा पत्राकाम करणारा 24 वर्षांचा तरुण घरी हेलिकॉप्टर बनवीत होता. ऑगस्ट 2021 मध्ये चाचणी घेताना पाते तुटले आणि त्यालाच लागून तो गेला. त्याला एक तपासणीस, एक सुरक्षित मैदान आणि 'आज थांब, हा जोड कच्चा आहे' म्हणणारा एक माणूस मिळाला असता तर?

आता गंमत पाहा. आकाशासाठी थोडी तरी वाट निघते. मुंबईत कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी विमान बनविले. खेटे घालता घालता वर्षे गेली, पण नोव्हेंबर 2017 मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्याची नोंदणी केली. एका माणसाने बनविलेल्या एका विमानाची नोंदणी होऊ शकते, मग एका माणसाने बनविलेल्या एका जीपची का होऊ नये?

दुसरी गंमत. 2007 पासून इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांसाठी 'बाहा' नावाची स्पर्धा भरते, पहिली पिथमपूरला भरली. मुले काय बनवितात? पाईपची चासी असलेली, खाचखळग्यांत चालणारी एका माणसाची गाडी. माझ्या तरुणाने बनविली साधारण तशीच. पण तिथे गाडी मैदानात उतरण्याआधी तपासतात. उलटली तर डोके वाचावे म्हणून डोक्यावर पाईपचा पिंजरा पाहिजे, पट्टे पाहिजेत, ब्रेक दाबला की चारही चाके जागीच धरली गेली पाहिजेत. ही गाडीसुद्धा रस्त्यावर आणता येत नाही, पण बनविणाऱ्याला प्रमाणपत्र मिळते आणि पुढे नोकरीच्या मुलाखतीत ते चालते. वेल्डर चलनाची पावती कुठल्या मुलाखतीत दाखविणार?

इंग्लंडमध्ये घरी बनविलेल्या एकेका गाडीची तपासणी करण्याची पद्धत आहे. 2009 पासून तिला एकल वाहन मान्यता म्हणतात, त्याआधीही वेगळ्या नावाने होती. सरकारी केंद्रावर गाडी न्यायची, तपासणीस एकेक कलम पाहतो, नापास झाली तर काय दुरुस्त करायचे ते लिहून देतो. न्यूझीलंडमध्ये बदललेल्या आणि घरगुती गाड्यांना तपासून वेगळी पट्टी लावतात. तिकडे हे फार करून हौशी लोकांसाठी चालते. आपल्याकडे ते पोटासाठी लागेल.

आपल्याकडे खिडकी उघडतच नाही असेही नाही. अपंग बांधवांसाठी गाडीत बदल करायला कलम 52 ने मुभा ठेवलेली आहे. ई-रिक्षांचे उदाहरण तर ताजे म्हणावे असे आहे. जुलै 2014 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या बंद केल्या. रिक्षावाले मोठ्या संख्येने रस्त्यावर आले, सरकारला नियम करावे लागले आणि 2015 मध्ये संसदेने कायद्यात कलम 2अ घातले. 4,000 वॅटपर्यंतच्या बॅटरीच्या रिक्षेला कायद्यात नाव मिळाले. जे काल जुगाड होते ते आज वाहन झाले. कारण मागणारे एकटे नव्हते.

ग्रामीण कारागिराच्या एकेका गाडीसाठी अशीच खिडकी पाहिजे. वेग कमी ठेवा, हद्द तालुक्यापुरती ठेवा, माणसे किती बसतील ते ठरवा, ब्रेक-दिवे-सुकाणू कडक तपासा आणि इतरांसाठीचा विमा सक्तीचा करा. जिथे भंगार वितळवून सळई करणारे कारखाने आहेत आणि भट्टीसमोर आमची माणसे उभी राहतात, त्या जालन्याने ही मागणी करावी हे योग्यच आहे.

तोवर काय? त्या तरुणाला मी सांगितले, जीप रस्त्यावर काढू नको. शेतात चालवितो म्हणून सुटशील असेही धरून चालू नको, कारण कलम 39 मध्ये 'सार्वजनिक जागी' च्या पुढे 'किंवा अन्य कोणत्याही जागी' असेही शब्द आहेत. त्यापेक्षा कागद जिवंत असलेली जुनी जीप बघ. चासी नंबर आणि इंजिन नंबर दाखल्याशी जुळतो का ते पाहा, खोडलेला असेल तर हात लावू नको. कर्जाचा बोजा असेल तर सावकार कंपनीची लेखी संमती लागेल. पंधरा वर्षे झाली असतील तर नोंदणीचे नूतनीकरण करून घे. रंगकाम कर, पत्रा बदल, सीट शिव, झिजलेले पाटे तसेच नवे टाक, आणि जे दाखल्यात लिहावे लागते त्याला आरटीओची मंजुरी घेतल्याशिवाय हात लावू नको.

त्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "साहेब, मग त्यात माझं काय राहिलं?"

त्याची जीप सध्या गोठ्यात ताडपत्रीखाली उभी आहे. मी दोन निवेदने तयार केली आहेत, एक राज्याच्या परिवहन आयुक्तांना आणि एक दिल्लीच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाला. जिल्ह्यातल्या ज्या मिस्त्री-वेल्डर बांधवांनी अशी गाडी बनविली आहे त्यांनी गाडीचा फोटो आणि झालेल्या खर्चाचा हिशेब घेऊन यावे. गाडी आणू नये, वाटेतच अडकेल. मस्तगडला कुणालाही विचारले तरी कचेरी दाखवील. सह्या पुष्कळ लागणार आहेत.