यशोदेच्या जागी

पोहरादेवीच्या यात्रेत आमच्या लहानपणी एक फोटोवाला तंबू ठोकून बसे. मागे रंगवलेला पडदा, त्यावर ताजमहाल. पुढे पुठ्ठ्याची चंद्रकोर, लाकडी फटफटी, खोटी बंदूक. गिऱ्हाईक आले की तो एकच प्रश्न विचारी, "काय व्हायचे?" माझ्या आत्याने एकदा कोट आणि गॉगल मागून घेतला आणि फटफटीवर टांग टाकून बसली. फोटो झकास आला. घरातल्या बाकी सगळ्यांचे फोटो भिंतीवर लागले, तो मात्र ट्रंकेत साड्यांच्या घडीखाली गेला.

कलाकार तेजल शाह यांच्या कामाबद्दल पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हा तंबू आठवला.

२००६ मध्ये शाह यांनी हिजडा समाजातल्या मैत्रिणींना सोबत घेऊन 'हिजडा फॅन्टसी सिरीज' ही छायाचित्रमालिका केली. तिच्या मुळाशी फोटोवाल्याचाच प्रश्न होता. एकीला दक्षिणेकडच्या सिनेमाची नायिका व्हायचे होते, एकीला क्लिओपात्रा. एकीला आई व्हायचे होते. प्रत्येकीच्या इच्छेप्रमाणे पोशाख, दागिने आणि नेपथ्य उभे केले गेले. हिजड्यांचे फोटो आपण वर्तमानपत्रांत पुष्कळ पाहतो: सिग्नलवर टाळी वाजवणारे, पोलीस चौकीबाहेरचे, दीनवाणे नाहीतर भडक. ते काढताना त्यांना कोणी विचारलेले नसते. इथे विचारले गेले आणि जे उत्तर आले ते जसेच्या तसे मान्य केले गेले. शाह यांच्या कामातला स्त्रीवाद मला सर्वांत जास्त या विचारण्यात दिसतो.

आईचे चित्र रविवर्म्याच्या यशोदा-कृष्णावरून बेतले आहे. रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईला घाटकोपरात छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून निघालेल्या ओलिओग्राफांनी देव घरोघर पोचवले. आमच्या माजघरातही काच तडकलेली अशी एक तसबीर होती. लक्ष्मी कशी दिसते, सरस्वती कशी दिसते हे आपल्या आजी-पणजीला त्या छापखान्याने शिकवले. आई कशी दिसते हेही त्यानेच ठरवले. त्या ठरलेल्या जागी शाह यांनी एका हिजड्याला बसवले. चित्राच्या नावाचा अर्थ असा: तुझाही हात चंद्राला लागू शकतो. चंद्र मागणारे बाळ आपल्या गोष्टीतलेच आहे. फरक एवढाच, की इथे हट्ट आईचा आहे.

आणि निवड पाहा. कौसल्या नाही, देवकी नाही, यशोदा. जिने कृष्णाला जन्म दिला नाही, आणि जिच्याशिवाय त्याचे बालपण सांगताच येत नाही.

शाह यांचा जन्म १९७९ चा, भिलाईचा. म्हणजे नागपूरहून रायपूरला जाताना वाटेत लागणाऱ्या पोलादाच्या गावचा. छायाचित्रणाचे शिक्षण मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठात झाले, काही काळ शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये गेला, मग कामाचे ठिकाण मुंबई. शाह स्वतःला क्वीअर आणि स्त्रीवादी म्हणवतात. इथे मराठीने माझ्यावर उपकार केले आहेत. 'करतात', 'म्हणतात' यांना लिंग नाही. 'यांनी चित्र काढले' यातले क्रियापद चित्राच्या लिंगाने चालते, काढणाऱ्याच्या नव्हे. त्यामुळे 'त्या' की 'ते' असा निवाडा न करता हा अख्खा लेख लिहिता आला. ज्यांच्या कामाचा विषयच हा निवाडा आहे, त्यांच्याबद्दल लिहिताना एवढे पथ्य पाळायला हरकत नसावी.

काळही ध्यानात घ्यायला हवा. मराठी रंगभूमीवर तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्येच आले होते, स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री मध्यभागी ठेवून. पण १९९८ च्या डिसेंबरात तशाच विषयाच्या 'फायर' चित्रपटावरून मुंबईतल्या थिएटरांची मोडतोड झाली. त्याच मुंबईत २००३ मध्ये 'लर्जिश' हा लैंगिकता आणि लिंगवैविध्यावरचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. तो उभा करणाऱ्यांत शाह होते... पाहा, घसरलोच. शाह यांचा वाटा होता.

शाह यांच्या त्याच वर्षीच्या 'आय लव्ह माय इंडिया' या छोट्या माहितीपटात पुन्हा जत्रेतलीच वस्तू आहे: फुगे फोडायचा स्टॉल. फुगे असे मांडलेले, की त्यातून 'आय लव्ह माय इंडिया' ही अक्षरे उमटतात. लोक येतात, बंदूक उचलतात, नेम धरतात. त्यांच्याशी गप्पा चालतात त्या गुजरातमधल्या २००२ च्या हिंसाचाराबद्दल. बोलणाऱ्यांपेक्षा फुटणाऱ्या फुग्यांचा आवाज जास्त लक्षात राहतो.

पुढे शाह यांनी पॅरिसच्या साल्पेत्रिएर इस्पितळातली एकोणिसाव्या शतकातली छायाचित्रे नव्या कामासाठी हाताशी घेतली. डॉक्टर शार्को यांच्या देखरेखीखाली तिथे 'हिस्टेरिया'च्या स्त्रियांचे झटके टिपले जात. कोणती मुद्रा रोगाची हे डॉक्टर ठरवणार, कोणता क्षण टिपायचा हे कॅमेरेवाला. आपल्याकडे बाईच्या अंगात येते तेव्हा निदान तिच्या बोलण्याला घरचे हात जोडतात. घुमणारी बाई एरवी न बोलता येणारे बरेच काही तेवढ्या वेळात बोलून घेते, हे खेड्यातल्या कोणालाही माहीत आहे. साल्पेत्रिएरच्या त्या बायकांचे बोलणे मात्र फोटोत उतरले नाही, ताठलेले हातपाय तेवढे उतरले.

जर्मनीतल्या कासेल गावी १९५५ पासून 'डॉक्युमेंटा' हे समकालीन कलेचे मोठे प्रदर्शन भरते. २०१२ च्या तेराव्या खेपेला तिथे शाह यांचे 'बिट्वीन द वेव्ह्ज' होते: पाच पडद्यांचा व्हिडिओ, कपाळावर शिंग असलेले जीव, समुद्र, कचऱ्याचे डोंगर. जर्मन कलाकार रेबेका हॉर्न यांनी १९७० च्या सुमारास एका स्त्रीच्या डोक्यावर शिंग बांधले होते, त्याची ही उघड आठवण. मला ऋष्यशृंग आठवला, आणि सिंधू मुद्रांवरचा एकशिंगी प्राणीही. शाह यांची जगात ओळख या कामाने जास्त झाली. माझे मत विचाराल तर २००६ ची छायाचित्रे याहून सरस आहेत. 'बिट्वीन द वेव्ह्ज'मध्ये 'काय व्हायचे?' हा प्रश्न कलाकाराने स्वतःलाच विचारला आहे. समोर दुसरे माणूस नाही, त्यामुळे ठिणगी कमी पडते.

वाशिमच्या माणसाने या सगळ्यात का पडावे, असे मला विचारले जाते. वाशिम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. कामसूत्रात वत्सगुल्मकांच्या राजवाड्यातल्या चालीचा उल्लेख येतो, तो फारसा अभिमानाचा नाही; पण त्याच ग्रंथात 'तृतीया प्रकृती'ही येते, स्त्रीरूपिणी आणि पुरुषरूपिणी अशी दोन प्रकारची. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त याहून गोड गोष्ट सांगितली आहे. रुसून निघालेल्या काव्यपुरुषामागे साहित्यविद्यावधू देशोदेशी हिंडते. प्रत्येक प्रांतात ती नवा वेश करते आणि तिथल्या स्त्रिया तो उचलतात. अखेर विदर्भात तो वश होतो आणि वत्सगुल्मात त्यांचे लग्न लागते. म्हणजे वेश बदलत बदलत इच्छित ठिकाणी पोचलेल्या बाईचे लग्न आमच्या गावात लागले आहे! आत्याचा फोटो ट्रंकेत ठेवणाऱ्या गावाला ही गोष्ट ठाऊक असायला हवी होती.

वैशाली रोडे यांच्या शब्दांकनातून लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे 'मी हिजडा, मी लक्ष्मी' मराठीत आले, तेव्हा हा विषय आपल्या कपाटांत पोचला. कायदा मागून येत राहिला. २००६ मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ लागू होते. सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४ च्या निकालाने तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख स्वतः सांगण्याचा हक्क दिला. ६ सप्टेंबर २०१८ ला प्रौढांचे संमतीचे संबंध ३७७ च्या कक्षेतून सुटले. लग्नाचा प्रश्न १७ ऑक्टोबर २०२३ ला पाच न्यायाधीशांपुढे निकाली निघाला. समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली नाही. अशा जोडप्यांनी मिळून मूल दत्तक घ्यावे की नाही, हा प्रश्नही त्याच निकालात होता. तीन विरुद्ध दोन मतांनी उत्तर आले: नाही.