ट्रॅक्टर घेताय? आधी डीलर तपासा!

घरात ट्रॅक्टरचा विषय निघाला की बाबांना लाल हवा असतो, काकांना निळा. मग कॉलेजात जाणाऱ्याला फर्मान सुटतं, "तू मोबाइलवर बघून सांग." सांगायचं काय?

नुसत्या एचपीवर जाऊ नका. रोटाव्हेटर चालतो पीटीओच्या ताकदीवर, आणि ती इंजिनाच्या एचपीपेक्षा कमी असते. मध्य प्रदेशात बुदनीच्या सरकारी संस्थेत ट्रॅक्टरची चाचणी होते. पीटीओची ताकद, डिझेलचा खप, लिफ्टची क्षमता हे सगळं तिच्या अहवालात असतं. तो बघाच.

महिंद्राचा कारखाना नागपुरात आहे, जॉन डिअरचा पुण्याजवळ सणसवाडीत. पण ऐन पेरणीत क्लच गेला, तर यायचा असतो तालुक्याचा मेकॅनिक. म्हणून तोच ट्रॅक्टर त्याच डीलरकडून घेऊन तीन-चार वर्षं वापरणाऱ्यांना गाठा. फोन केल्यावर मेकॅनिक किती दिवसांनी येतो? पार्ट तालुक्यात मिळतात, की बाहेरून मागवावे लागतात?

कोटेशन लेखी घ्या. विमा, पासिंग, अवजारं यांचे पैसे वेगवेगळे लिहून मागा. वॉरंटीत काय बसतं, तेही वाचा. "ते नंतर बघू" असं उत्तर आलं, तर दुसरं शोरूम गाठा. हप्ते वर्षानुवर्षं भरायचे असतात, आणि वाफसा काही कुणासाठी थांबत नाही.