अपघातस्थळी डॉक्टर आधी काय पाहतो?

छत्रपती संभाजीनगर शहराच्या दक्षिण अंगास असलेले गारखेडा हे मूळचे खेडे होय. शहर वाढत गेले तसे ते त्यात सामावले आणि आज त्याच्या नावाने ओळखला जाणारा परिसर दाट वस्तीचा झाला आहे. मात्र बीड वळणरस्ता ओलांडून पुढे गेले की शेतशिवार, विहिरी आणि विजेचे पंप दृष्टीस पडू लागतात. त्यामुळे या भागात धावणाऱ्या रुग्णवाहिकेला रस्त्यावरील टक्कर, घरातील आकस्मिक आजार आणि शेतातील दुर्घटना या तिन्ही प्रसंगांची तयारी ठेवावी लागते.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. या गाडीत चालकाबरोबर डॉक्टर असतो, हे तिचे वैशिष्ट्य होय. गाडी थांबते, दार उघडते. परंतु आतील डॉक्टर धावत सुटत नाही. तो क्षणभर उभा राहून सभोवार दृष्टी फिरवतो. जमलेल्या मंडळींना हा विलंब वाटतो आणि काही वेळा त्यावरून शब्दही ऐकवले जातात. तथापि तेवढ्या अवधीत त्याला काही प्रश्नांची उत्तरे मिळवावयाची असतात. ही जागा आपल्याला व इतरांना निर्धोक आहे काय? येथे नेमके काय घडले असावे? रुग्ण किती आहेत? आणखी कोणाचे साहाय्य मागवावे लागेल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर रुग्ण समोर दिसत असूनही त्याला थांबावे लागते.

याचे मर्म शेतकऱ्यास विहिरीच्या उदाहरणावरून चटकन पटेल. बरेच दिवस उपसा न झालेल्या जुन्या विहिरीत कर्बवायू तळाशी साचून राहतो. तो हवेपेक्षा जड असतो. त्यास रंग नसतो की वास नसतो. गाळ काढण्यास उतरलेला माणूस खाली कोसळतो. तो पाय घसरून पडला असे समजून त्याचा भाऊ उतरतो, आणि भावाला काढण्यास शेजारी उतरतो. एका घरावरचे संकट अशा रीतीने तीन घरांवर येते. तेथे पोचलेला डॉक्टर विहिरीत उतरत नाही. श्वसनयंत्र असलेल्या अग्निशमन दलास तो पाचारण करतो आणि काठावरच्या लोकांना मागे सारतो. विहिरीत कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत आहे. कंदील विझला तर उतरू नये हे खरे. पण तो जळत राहिला म्हणून विहीर निर्धोक ठरत नाही. आत डिझेल इंजिन चालवलेले असेल तर त्याच्या धुरातील विषारी वायू ज्योतीला न विझवताही माणसाचा प्राण घेतो. गोबर वायूच्या टाकीजवळ तर ज्योत नेणे म्हणजे स्फोटाला आमंत्रणच. उतरणाऱ्याच्या काखेखालून आधीच दोर बांधून त्याचे टोक वर दोघातिघांच्या हाती ठेवलेले असेल, तर कोणालाही खाली न पाठवता त्याला ओढून घेता येते.

विजेच्या अपघातातही हाच नियम लागू पडतो. पंपाच्या पेटीस चिकटलेल्या माणसाला हात लावणारा स्वतः चिकटतो. म्हणून प्रथम मुख्य पुरवठा बंद करावा, मगच जवळ जावे. उच्च दाबाची तार तुटून पडली असेल तर कोरड्या काठीवर भरवसा ठेवू नये. भोवतालच्या ओल्या जमिनीतूनही प्रवाह वाहू शकतो, यास्तव वीज कंपनीकडून पुरवठा खंडित झाल्याची खात्री होईपर्यंत डॉक्टरही दूरच उभा राहतो.

कीटकनाशकाची बाधा झालेल्या ठिकाणी डोळ्यांइतकेच नाकही कामास येते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या हंगामात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, ही घटना अद्याप विस्मरणात गेलेली नाही. अशा रुग्णाच्या कपड्यांवरचे विष हातमोज्यांवाचून त्याला उचलणाऱ्याच्याही कातडीत शिरू शकते. डॉक्टर पाहतो ते हे: तोंडास फेस आहे काय, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आहेत काय, पंप आणि बाटली कोठे पडली आहे. बाटलीवरील लाल, पिवळा, निळा अथवा हिरवा त्रिकोण विषाची तीव्रता सांगतो आणि त्याखालचे औषधाचे नाव उपचाराची दिशा ठरवते. घरच्या मंडळींनी ही बाटली लाजेने वा भीतीने फेकून देऊ नये. धान्यात ठेवावयाच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांचा संशय असल्यास डॉक्टर आत जाण्यापूर्वी दारे-खिडक्या उघडावयास लावतो, कारण ओलाव्याशी संयोग होताच त्यातून प्राणघातक वायू सुटतो.

सर्पदंशाच्या ठिकाणी लोक सापाच्या शोधात गुंतलेले आढळतात. त्याची गरज नसते. आपल्याकडील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकत्रच चालते. शिवाय मारलेल्या सापाचे डोकेदेखील काही काळ दंश करू शकते.

मजुरांनी भरलेली ट्रॉली उलटते तेव्हा प्रसंग अधिक कठीण असतो. येथे डॉक्टर कोणालाही हात लावण्याआधी डोकी मोजतो आणि आणखी गाड्या मागवतो. ट्रॉलीखाली, नाल्यात, ज्वारीच्या ताटांआड कोणी राहिले नाही ना, हेही तो पाहावयास सांगतो. ट्रॅक्टरचे इंजिन बंद करून चाकांना दगड लावल्यावाचून वीस जणांनी मिळून तो उचलण्याचा यत्न करणे धोक्याचे असते. नंतर चालता येणाऱ्यांना एका बाजूस बसवले जाते. मोठ्याने आक्रोश करणाऱ्याकडे सर्वांचे लक्ष वेधते. पण जो ओरडू शकतो त्याचा श्वास निदान त्या घटकेला चालू असतो. अनुभवी डॉक्टर आधी गप्प पडलेल्याकडे वळतो. भळभळणारे रक्त दाबून धरावयाचे, श्वासाची वाट मोकळी करावयाची, मान न हलवता हाक मारून पाहावयाची, हाकेला ओ न आल्यास खांदा दाबून पाहावयाचे, हा क्रम त्याच्या हाती बसलेला असतो.

या पाहणीचा आरंभ खरे तर दूरध्वनीवरच होतो. सेवेचे नियंत्रण केंद्र पुण्यात उभारण्यात आले. पुण्यातील माणसाला नुसते ‘गारखेडा’ म्हणून भागत नाही, कारण या नावाची गावे अन्यत्रही आहेत. जिल्हा, तालुका, जवळची शाळा वा देऊळ, काय घडले, किती माणसे, तार पडली आहे काय, कोणते औषध होते, हे सांगितले म्हणजे गाडी योग्य सामान घेऊन येते आणि अग्निशमन दलही वेळीच निघू शकते. मदत केल्याने चौकशीचा ससेमिरा लागेल या भयाने पुष्कळजण मागे राहत; परंतु २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात अपघातग्रस्तास सद्भावनेने साहाय्य करणाऱ्यास संरक्षण मिळाले आहे, आणि आपले नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही.

रात्रीच्या वेळी एकाने बत्ती घेऊन डांबरी रस्त्यावरील फाट्याशी उभे राहावे व दुसऱ्याने बांधावरच्या बैलगाड्या बाजूस काढाव्यात. घाटी या नावाने सर्वपरिचित असलेले शासकीय रुग्णालय गारखेड्यापासून शहराच्या दुसऱ्या अंगास आहे. तेथवरचा प्रवास गर्दीतून होतो, आणि शेतातील पाणंद शोधण्यात गेलेला वेळ त्या प्रवासात भरून काढता येत नाही.