हौशी पाणबुडे नेमके काय मोजतात?

सागरी संशोधनात मदत करायची तर जीवशास्त्राची पदवी हवी, असा समज आहे. उलट काहींना ही मदत म्हणजे फोटो काढत फिरण्याची सहल वाटते. प्रत्यक्षात हे ठरलेल्या पद्धतीने मोजण्याचे काम आहे. जनगणनेला दारात येणारे शिक्षक समाजशास्त्रज्ञ नसतात, पण सगळीकडे तेच प्रश्न विचारतात. म्हणूनच त्यांचे आकडे एकत्र मांडता येतात.

१९९६ मध्ये सुरू झालेल्या 'रीफ चेक'ची पद्धत पाहा. प्रवाळभित्तीवर १०० मीटरचा ट्रान्सेक्ट (तळावर अंथरलेली मोजपट्टी) टाकतात. ठरलेल्या टप्प्यांत दर अर्ध्या मीटरला पट्टीखाली काय आहे, जिवंत प्रवाळ, खडक की वाळू, ते पाण्यात चालणाऱ्या पाटीवर लिहायचे. पट्टीलगतचे मासे, समुद्रकाकड्या, शेवंडीही मोजायच्या. सगळ्या जाती ओळखाव्या लागत नाहीत, निवडक पुरतात.

सर्वांत मोठी गल्लत पुढे होते. काही दिसले नाही की पाहणी वाया गेली, असे नवख्याला वाटते. पण रिकामा रकाना म्हणजे पाहिलेच नाही. शून्य म्हणजे नीट पाहिले आणि तिथे ते नव्हते. एकेकाळी भरपूर शेवंडी असलेल्या भित्तीवरचे शून्य संशोधकाला फार मोलाचे असते.

या कामाची खरी अट वेगळीच आहे: बॉयन्सीवर (पाण्यात वर-खाली न होता तरंगत राहणे) पक्की पकड. मालवणला प्रशिक्षकाचा हात धरून मारलेली पहिली बुडी त्यासाठी पुरत नाही. लिहिण्याच्या नादात पायातला फिन आपटला, तर वर्षानुवर्षे वाढलेले प्रवाळ क्षणात मोडते. म्हणून आधी डायव्हिंगचे प्रमाणपत्र, मग प्रशिक्षण आणि जाती ओळखण्याची परीक्षा.